सूत्रात नसलेली थंडी

प्रेशर व्हेसल कशाने फुटते? कुणालाही विचारा, उत्तर एकच, "प्रेशर जास्त झालं की!" घरच्या कुकरवरून आपण एवढं शिकलेलो असतोच. मीसुद्धा इंजिनिअरिंगची चार वर्षं काढून साधारण हेच उत्तर घेऊन बाहेर पडलो. (पुढे आयटीत आलो म्हणून व्हेसल्स वाचल्या.)

आधी थोडं गणित. एकाच व्हेसलला बऱ्याच अवस्थांतून जावं लागतं. नेहमीचं काम, सुरू करणं, बंद करणं, साफसफाई... प्रत्येक वेळी दाब आणि तापमानाची जोडी वेगळी. त्यातली जी जोडी सगळ्यात जाड पत्रा मागते ती 'गव्हर्निंग कंडिशन'. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त दाबाची जोडीच जिंकेल असं नाही. ५० अंश सेल्सियसला १२ बार आणि ४०० अंशांना १० बार यांत साध्या कार्बन स्टीलसाठी दुसरी जोडी भारी पडते, कारण तेवढ्या उष्णतेत स्टीलला झेपणारा ताण साधारण पाव हिश्शाने घटलेला असतो.

पण व्हेसल गार झाली तर? झेपणाऱ्या ताणाचा आकडा तोच राहतो, जाडीही तीच येते. थोडक्यात काय, तर जाडीच्या सूत्रात थंडी नाहीच!

थंडी काय करते ते १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत दिसलं होतं. पोर्टलंडमध्ये 'स्केनेक्टडी' हे कोरं करकरीत तेलवाहू जहाज धक्क्याला शांत उभं असताना मधोमध तडकलं. ना वादळ, ना टक्कर. गार पडलेलं स्टील वाकत नाही, काचेसारखं तडकतं. आणि इथे पत्रा जाड केला की धोका उलट वाढतो. तरीही अमेरिकेच्या एएसएमई कोडमध्ये प्रत्येक व्हेसलचं किमान तापमान ठरवा, आणि स्टीलची जात व जाडी त्याच्याशी ताडून बघा, हा नियम यायला १९८७ उजाडलं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला एस्सोचा लाँगफर्ड गॅस प्लांट त्याच्याही आधीचा, १९६९ चा. २५ सप्टेंबर १९९८ ला तिथले गरम तेलाचे पंप बंद पडले. एरवी १०० अंशांच्या आसपास चालणाऱ्या एका हीट एक्स्चेंजरमध्ये थंड द्रव येतच राहिलं. तापमान उतरत उतरत उणे ४८ पर्यंत गेलं आणि बाहेरून बर्फ धरला. कामगारांनी तो बर्फ पाहिला. आता गरम करायला हवं, म्हणून पंप पुन्हा सुरू केले. आपणही तेच केलं असतं, नाही का? गरम तेल गारठलेल्या स्टीलवर आलं आणि एक्स्चेंजर फुटला. दाब जास्त झाला म्हणून नव्हे! दोघे गेले, आठ जण जखमी झाले. आग दोन दिवस जळत होती आणि जवळजवळ तीन आठवडे राज्याचा गॅस विस्कळीत झाला.

कंपनीने बोट दाखवलं ते ऑपरेटर्सकडे. रॉयल कमिशनने १९९९ मध्ये ते मान्य केलं नाही. गार स्टीलवर गरम तेल सोडायचं नाही हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. प्लांटवरचे इंजिनिअर १९९२ मध्येच मेलबर्नला हलवले होते. 'हे बंद पडलं तर काय?' असे प्रश्न पद्धतशीर विचारणारा हॅझॉप अभ्यास १९९५ साठी ठरला होता, तो झालाच नाही. २००१ मध्ये कंपनीला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

गव्हर्निंग कंडिशन शोधायची तर आधी सगळ्या अवस्थांची यादी हवी. यादीत नसलेली अवस्था गणितात येत नाही, आणि मग ती भेटते थेट शिफ्टवरच्या माणसाला. आमच्याकडेही सर्व्हरवर लोड वाढवून बघायला सगळे तयार असतात. सर्व्हर निम्म्यात बंद पडून पुन्हा उठला तर काय, हे विचारणारा टेस्टर मात्र मीटिंगमध्ये कटकट्या ठरतो. मीही त्याला एकदोनदा गप्प केलंय. सोमवारी त्याची यादी पुन्हा मागून घेणार आहे.