आबांची कार्डं

परवा विंझरच्या घरी माळा आवरताना आबांची जुनी ट्रंक उघडली. आत जाड कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. पट्ट्यांवर बारीक चौकोनी भोकं आणि मागच्या बाजूला आजीच्या अक्षरात दुधाचा हिशोब! पंच कार्डं होती ती. जुन्या कॉम्प्युटरचं वेड असलेल्या मला लॉटरीच लागली म्हणा ना...

आबा मुंबईत हिशोबनीस. पुढे त्यांच्या कचेरीत आयबीएम १४०१ आलं. १९५९ साली जाहीर झालेलं हे यंत्र खास धंद्याच्या हिशोबांसाठी होतं. ते बेरीज-वजाबाकी आपल्यासारखी दशमान पद्धतीनेच करायचं. स्मृती फार तर १६,००० अक्षरांची. म्हणजे अशी मोजकीच टिपणं त्यात मावतील, इतकीच! पण त्याचा १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा. एका कार्डावर ८० रकाने, दर रकान्यात एक अक्षर. गठ्ठा हातातून पडला की क्रम पुन्हा लावत बसायचं.

मी रंगात येऊन हे सगळं आईला सांगत होतो. ती शांतपणे म्हणाली, "याच यंत्राच्या विरोधात आबा मोर्च्याला गेले होते, ठाऊक आहे का तुला?"

नव्हतं ठाऊक. मग वाचत बसलो. १९६० च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी कॉम्प्युटरविरुद्ध मोठा लढा दिला होता. पुढे सरकारने यांत्रिकीकरणावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर. अहवाल आला १९७२ साली. मिनिटाला ६०० ओळी म्हणजे किती कारकुनांचं काम, हे आबांनी नक्कीच मोजलं असणार. हिशोबनीसच ते!

गंमत म्हणजे पुढे आबांनाच ते यंत्र चालवायला शिकवलं गेलं. नोकरी टिकली, घर चाललं. ज्यांना शिकवलं नाही त्यांचं काय झालं, यावर ते कधी बोलले नाहीत म्हणे. १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे गेली. आबांचं यंत्र आणखी काही वर्षं चाललं, मग भंगारात गेलं.

इतकी वर्षं मी या यंत्रांचे वेग आणि आकडेच पाठ करत आलो. आबांना मात्र एकदाही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

असो. तुमच्या माळ्यावर अशी कार्डं सापडली तर टाकू नका. आणि घरात कोणी जुनं जाणतं माणूस असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा.