आकडा उतरण्याची वाट

मी मुळशीतल्या चांद्याचा. इथून भोसरी फार लांब नाही. तिथल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेची, म्हणजे ‘नारी’ची, स्थापना १९९२ची. एचआयव्हीचा इतिहास मला विषाणूपेक्षा एका आकड्याचा वाटतो : एका घनमिलिमीटर रक्तातल्या सीडी४ पेशींचा. निरोगी माणसात तो साधारण ५०० ते १५०० असतो.

१ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत औषधं मोफत मिळू लागली. पण लक्षणं गंभीर नसतील, तर आकडा २००खाली उतरेपर्यंत थांबावं लागे. औषधं कमी होती आणि दुष्परिणामांची धास्तीही होती.

२०११मध्ये नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ‘नारी’ त्यात सहभागी होती. लवकर औषध दिल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं दिसलं.

थांबण्याची किंमत रुग्णाच्या शरीरातही मोजावी लागते. २०१४मध्ये वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने दाखवलं, की लसिकाग्रंथींत मरणाऱ्या बहुतेक सीडी४ पेशींमध्ये विषाणू वाढतच नाही. त्याचा शिरकाव अर्धवट राहतो, पेशीला चाहूल लागते आणि ती स्वतःच फुटते. त्यातून दाह होतो, दाहाकडे नव्या पेशी धावतात आणि त्याही मरतात.

उंबरठा हळूहळू वर सरकला. २०१७मध्ये भारताने तो काढूनच टाकला : निदान झालं, की औषध. त्याआधीची तेरा वर्षं अनेकांनी आपल्याच पेशी मरण्याची वाट पाहत काढली.