उच्च रक्तदाब व रक्तातील विकरे

रक्तातील विकरांच्या प्रमाणावरून उच्च रक्तदाब ओळखता येईल काय, या प्रश्नाचा उगम १८९८ सालच्या एका शोधनिबंधात आहे. स्टॉकहोम येथे टिगरश्टेट व बेर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या नीलेत टोचला असता त्याचा रक्तदाब चढला, आणि अर्कातील त्या द्रव्यास त्यांनी ‘रेनिन’ हे नाव दिले. पुढे हे द्रव्य जवळजवळ विस्मृतीत गेले. १९३४ साली गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून रक्तदाब वाढवून दाखविला, तेव्हा कोठे त्यास पुन्हा प्रतिष्ठा लाभली.

रेनिन यकृतजन्य प्रथिनाचा एक तुकडा तोडते आणि एसीई हे दुसरे विकर त्या तुकड्यापासून प्रखर वाहिनीसंकोचक अँजिओटेन्सिन घडविते. तेव्हा दाब वाढलेल्या प्रत्येकाच्या रक्तात रेनिन वाढलेले असावे, हा तर्क स्वाभाविक होता, पण तो टिकला नाही. पुष्कळ रुग्णांत ते प्राकृत, कित्येकांत तर उणे आढळते. त्यामुळे रेनिन रोग आहे की नाही याचा निर्वाळा देत नसून त्याची जात कोणती, एवढेच सांगते. आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेही थोडे नव्हे. १९५५ साली कॉन यांनी वर्णिलेल्या, अल्डोस्टेरोन या संप्रेरकाच्या आधिक्यात रेनिन दबलेले असते, म्हणून त्या दोहोंचे गुणोत्तर पाहतात. एसीईचे रक्तातील प्रमाण बव्हंशी आनुवंशिक असून दाबाशी त्याचा मेळ क्षीण आहे, मग त्यास रोधणारी औषधे कितीही गुणकारी असोत. यकृतातील जीजीटी हे विकर रक्तात वाढलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब जडण्याचा संभव अधिक खरा. परंतु मद्य, स्थूलता व यकृतातील मेद यांनीही ते वाढत असल्याने त्याची साक्ष एकट्याने ग्राह्य धरता येत नाही.

जबलपूरच्या गोहलपुरासारख्या दाट वस्तीच्या दृष्टीने विचार केल्यास व्यवहारातील अडचण ध्यानी येते. रेनिनासाठी रुग्णाने सकाळी दोन तास हिंडतेफिरते राहून, मग काही मिनिटे बसून रक्त द्यावयाचे असते. बीटा-ब्लॉकरने आकडा घसरतो, मूत्रल औषधाने चढतो, खारट आहाराने पुन्हा उतरतो. आणि नमुना खराब होऊ नये म्हणून कोणी तो बर्फात ठेवला, तर त्यातील सुप्त प्रोरेनिन क्रियाशील होऊन आकडा विनाकारण फुगतो. याउलट दंडास पट्टा बांधून, निरनिराळ्या दिवशी १४०/९० वा त्याहून अधिक दाब आढळल्यास मोहल्ल्यातील दवाखान्यातही निदान मुक्रर होते. विकरमापनाची शिफारस तरुणपणीच दाब वाढलेल्या, तीन औषधांनाही न जुमानणाऱ्या, अथवा रक्तातील पोटॅशियम घटलेल्या रुग्णांसाठी विशेषतः केली जाते.