जोडघर आणि मधली भिंत



एका आढ्याखालीं दोन घरें आणि मध्यें एकच भिंत, अशी बांधणी इंग्लंडांतील शहरांत मुद्दाम आंखून केलेली असते. आमच्या लोधिवलीसारख्या खालापूर तालुक्यांतील गांवांत ती बहुधा वाटणींतून उपजते. वडील असतां घर एक असतें. भाऊ वेगळे झाले कीं माजघरांत भिंत उभी राहते आणि ओटीला दुसऱ्या पायऱ्या फुटतात. पुढील पिढींत एखादा भाग विकला जातो, आणि ज्यांचें परस्परांशीं कांहींच नातें नाहीं अशीं दोन कुटुंबें एकाच छपराखालीं येतात. मग त्यांपैकीं एकानें घराचें बाहेरील अंग नवें करावयाचें मनांत आणलें, तर दुसऱ्याच्या संमतीवांचून तें धड होत नाहीं. हा तंटा किती जुना आहे, तें आज सांगावयाचें आहे.

कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हटलें कीं हेर, मंत्री आणि सैन्य डोळ्यांपुढें उभें राहतें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांना १९०५ सालीं त्याची पोथी लाभली आणि १९०९ सालीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या तिसऱ्या अधिकरणांतील आठवा अध्याय उघडून पाहावा; तेथें राजकारण नाहीं, घराची वळचण आहे. सांडपाण्याचा पाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती दूर न्यावा, दोन घरांमध्यें किती जागा सोडावी, हें त्यांत मोजून दिलें आहे. दोन वळचणींमध्यें चार अंगुळांचें अंतर असावें, नाहींतर एक दुसरीवर चढवावी, असा नियम आहे. उजेडासाठीं झरोका लहान आणि उंचावर असावा. पावसाच्या भयानें छपराचा माथा चटयांनीं झांकावा. मला मात्र त्यांतील एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दोन घरांमधील जागेंत मोडतोड दुरुस्त करण्यापुरती अरुंद वाट ठेवावी, असें तेथें सांगितलें आहे. घर बांधतांनाच त्याच्या दुरुस्तीचा विचार करणारा हा शास्त्रकार कोणी कोरडा पंडित नसावा! जोडघरांत तीच वाट नसते. आपल्या कडेचें कौल बदलावयाचें तर गवंड्याचा एक पाय शेजाऱ्याच्या छपरावर पडतोच. एवढे नियम घालून शेवटीं कौटिल्य म्हणतो कीं घरमालकांनीं आपसांत मिळून हवें तें करावें आणि नको तें टाळावें.

पुढें बृहस्पति व कात्यायन यांच्या स्मृतींत, घर वसल्यापासून चालत आलेल्या खिडकीस आणि पाण्याच्या वाटेस शेजाऱ्यानें अडथळा करूं नये, असा निर्बंध आला. इंग्रजी अमलांत हाच हक्क १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत वेगळ्या वेषांत दिसतो. मुंबई इलाख्यास तो १८९१ सालीं लागू झाला. वीस वर्षें निर्वेधपणें मिळत आलेला उजेड त्यानें हक्क ठरतो. लंडनमध्यें १६६६ च्या आगीनंतर, १६६७ च्या कायद्यानें घरांमधील भिंती विटांच्या असाव्यात असें ठरलें. तेथील १९९६ च्या कायद्याप्रमाणें तर सामायिक भिंतीस हात लावण्यापूर्वीं दोन महिने आधीं शेजाऱ्यास लेखी सूचना द्यावी लागते. आमच्या खेड्यांत अशी नोटीस कोणी दिली तर तीच भांडणाचें पहिलें कारण व्हावयाची.

खरी अडचण छपरानें आणली. पूर्वीं दोन्ही अंगांवर नळीचीं कौलें असत, आणि दर उन्हाळ्यांत शाकारणी करावी लागे. ती एकाच दिवशीं करणें दोघांच्याही सोयीचें होतें. बाझल मिशननें १८६५ सालीं मंगळूरास कौलांचा कारखाना काढला, आणि खांचांनीं एकमेकांत बसणारें चपटें कौल हळूहळू कोंकणभर पसरलें. कौल उत्तमच, परंतु त्याच्या रिपांचें अंतर निराळें आणि थराची उंचीही निराळी. एकानें मंगळुरी घातलीं आणि दुसऱ्यानें नळीचीं ठेवलीं, तर सांधा येतो तो नेमका मधल्या भिंतीच्या डोक्यावर. आमच्याकडील पाऊस तो सांधा पहिल्याच झडींत शोधून काढतो.

गिलाव्याचेंही तसेंच. जुनी भिंत माती-चुन्याची. तिच्यांत शिरलेली ओल बाहेरच्या अंगानें सुकते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला कीं ओल आंतच कोंडते, आणि मग शेजारच्या माजघरांत पोपडे सुटूं लागतात. सिमेंट लावणाऱ्याचें अंग मात्र रस्त्यावरून देखणें दिसतें. लोक रंगावरून तंटतात. माझ्या मतें रंग ही त्यांतली सर्वांत निरुपद्रवी बाब आहे.

मी राहतों त्या जोडघराचें काम यंदा निघालें आहे. शेजारी वयानें माझ्या मुलाएवढे. मला ‘गुरुजी’ म्हणतात, पण ऐकतात आपल्याच मनाचें. बऱ्याच वाटाघाटींनंतर दोन्ही अंगांस एकच कौल, आढ्यावरील खर्च निम्मा-निम्मा, आणि मधल्या भिंतीजवळ चुन्याचाच गिलावा, इतकें ठरलें. त्यांना निळा रंग हवा आहे, मला पांढरी सफेती. दोहोंची सीमा ओटीवरच्या मधल्या खांबावर येते. मृग तोंडावर आला आहे, आणि तो खांब कोणी रंगवावयाचा हें अद्याप ठरलेलें नाहीं.