पाणी तेच, तळं वेगळं

मराठीतला ‘जागा’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. जागा म्हणजे मोकळी जमीन आणि जागा म्हणजे न झोपलेला. एखादी जमीन ‘जागी’ केव्हा होते, हा प्रश्न कवीला पडतो तसा भूगोलाच्या अभ्यासकांनाही पडला आहे. यी-फू तुआन या चिनी-अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी १९७७ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिलं. माणसाचा अनुभव चिकटला की कोऱ्या अवकाशाचं ‘ठिकाण’ होतं, असं त्यांचं म्हणणं. डोरीन मॅसी या ब्रिटिश विदुषींनी पुढे दाखवून दिलं, की ठिकाणाला एकच एक ओळख नसते. एकाच ठिकाणी अनेकांच्या अनेक ओळखी नांदतात, आणि कधीकधी त्यांचं भांडणही होतं.

हे पुस्तकी वाटत असेल, तर कोकणातल्या महाडला चला. सावित्री नदीकाठचं हे जुनं व्यापारी गाव. गावात एक तळं आहे, चवदार तळं. नावावरूनच कळतं की लोक या तळ्याला पाण्याच्या चवीवरून ओळखत. पण ही चव सगळ्यांसाठी नव्हती. सवर्ण हिंदू इथे पाणी भरत, मुसलमान आणि ख्रिस्ती भरत, गुरंढोरंही पाणी पीत. मज्जाव होता तो फक्त अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना.

मी मुसलमान आहे, म्हणून या तपशिलापाशी जरा जास्त वेळ थांबतो. ज्याला तळं मोकळं होतं, त्याच्या लेखी ते नुसतं पाणवठ्याचं ठिकाण होतं. घागर भरायची आणि घरी जायचं. ज्याला बंदी होती, त्याच्या लेखी तेच तळं म्हणजे न दिसणारी भिंत होती. आपल्याला जिथे सहज प्रवेश मिळतो, तिथे दार आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. पण कागदावर खुलं झालेलं तळं प्रत्यक्षात बंदच राहिलं. ठिकाणाचा अर्थ नुसत्या ठरावाने बदलत नाही, त्यासाठी पावलं पडावी लागतात. ती पडली २० मार्च १९२७ रोजी. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले हजारो लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले.

मग अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले. त्या धावपळीत अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे तळ्यातलं पाणी घागरींत काढून त्यात शेण, गोमूत्र, दही मिसळलं गेलं आणि मंत्र म्हणत तळ्याची ‘शुद्धी’ झाली. पाणी तेच होतं, पण त्याच्यावर दोन अर्थ एकमेकांशी झगडत होते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तिथे मनुस्मृती जाळण्यात आली. एरवी ती एक साधी जमीन राहिली असती. त्या संध्याकाळनंतर ती इतिहासातली जागा झाली. तळ्यावर मात्र या वेळी कोणी उतरलं नाही, कारण विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाईहुकूम आणला होता.

या खटल्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. विरोधकांचा दावा असा, की अस्पृश्यांनी इथे पाणी न भरणं ही पूर्वापार चालत आलेली रूढी आहे. खटला जवळपास दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ही रूढी स्मरणातीत काळापासूनची आहे, हे वाद्यांना सिद्ध करता आलं नाही, आणि निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

मला या निकालाचं मोल फार वाटतं. ‘पूर्वापार’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! हा रस्ता पूर्वापार आमचा, ही विहीर त्यांची, या गल्लीत अमुकच राहणार. कोर्टाने विचारलं, केव्हापासून? आणि उत्तर देता आलं नाही. ठिकाणाचे अर्थ माणसं घडवतात, म्हणून त्यांना कधीतरी सुरुवात असते. आणि ज्याला सुरुवात असते, ते बदलता येतं.

आज २० मार्चला दूरदूरहून माणसं महाडला येतात, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढे उभी राहतात. तहान भागवण्यासाठी ती आलेली नसतात. एकेकाळी नाकारलेलं पाणी त्यांच्यासाठी हक्काची आठवण झालं आहे. तळ्याकाठी राहणाऱ्याला मात्र ते रोजच्या वाटेवरचं तळं आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत.

२०२७ हे या घटनेचं शताब्दी वर्ष. त्या निमित्ताने महाडला जाणं सर्वांना जमेलच असं नाही. पण आपल्या गावातल्या जुन्या विहिरीपाशी, पाराशी, नदीच्या घाटाशी जाता येईल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारता येईल, की इथे कोणाला येता येत नव्हतं, आणि कोणत्या सालापासून येता येऊ लागलं? हे साल बहुधा कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. ते विचारूनच कळेल, आणि सांगणारी माणसं आहेत तोवरच विचारायला हवं.