सखोल पर्यावरणवाद

प्रत्येक सजीवाला, तो माणसाच्या उपयोगाचा असो वा नसो, स्वतःचे मूल्य असते असे मानणारी विचारधारा. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस (१९१२–२००९) यांनी ती १९७३ मध्ये मांडली. प्रदूषण व साधनसंपत्तीची टंचाई एवढ्यावरच थांबणारा विचार त्यांनी उथळ ठरवला. स्पिनोझा आणि महात्मा गांधी हे त्यांचे आधार. गांधींचा सत्याग्रह त्यांनी केवळ अभ्यासला नाही. १९७० मध्ये नॉर्वेतील मार्डोला धबधबा वाचवण्यासाठी ते स्वतः आंदोलनात उतरले. १९८४ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज सेशन्स यांच्यासह त्यांनी या विचारधारेची आठ सूत्रे तयार केली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांचा १९८९ मधील आक्षेप मात्र वजनदार आहे : निव्वळ अरण्यरक्षणाचा आग्रह भारतासारख्या देशात जंगलावर जगणाऱ्या गरिबांनाच विस्थापित करतो. व्याघ्र प्रकल्प हे त्यांनी दिलेले उदाहरण.