आर्थरला पुरलं कोणी?

कॅमलॉट, गोलमेज, दगडात रुतलेली तलवार, मर्लिन, लान्सलॉट. राजा आर्थर म्हटलं की हे सगळं सामान एकदम डोळ्यासमोर येतं. आपल्यापैकी बहुतेकांना ते डिस्नेच्या कार्टूनमधून, माँटी पायथनमधून नाहीतर २००४ सालच्या 'किंग आर्थर' सिनेमातून भेटलेलं असतं. आणि मग पहिला प्रश्न ठरलेला : "पण हा आर्थर खरंच होता का हो?"

मला विचाराल तर हा प्रश्न जरा बोअर आहे, कारण त्याचं उत्तर चार ओळींत संपतं. रोमन सैन्य निघून गेल्यावर ब्रिटनमध्ये सॅक्सन टोळ्या घुसल्या आणि तिथल्या मूळच्या ब्रिटन लोकांशी त्यांच्या लढाया झाल्या. सहाव्या शतकात गिल्डास नावाच्या साधूने त्याबद्दल लिहिलं, बॅडनच्या मोठ्या विजयाबद्दलही लिहिलं, पण आर्थर हे नाव काही काढलं नाही. आर्थरच्या बारा लढायांची यादी सापडते ती थेट इ.स. ८३०च्या सुमाराच्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन ग्रंथात. तिथे तो राजा नाहीच, सेनानायक आहे. आणि बॅडनला त्याने एकट्याने, एका हल्ल्यात ९६० माणसं मारली म्हणे. यावरून काय ते ओळखा :)

मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा आहे. आर्थर नेमका कोणाचा?

बघा ना, तो लढला कोणाशी? सॅक्सनांशी. सॅक्सन म्हणजे कोण? आजच्या इंग्रजांचे पूर्वज. हरलेले ब्रिटन लोक हळूहळू पश्चिमेला रेटले गेले, त्यांचेच वंशज म्हणजे वेल्श आणि कॉर्निश, आणि समुद्रापलीकडे फ्रान्सच्या टोकाला गेलेले ब्रेटन. म्हणजे आर्थर हा इंग्रजांना रोखणारा वीर. मग तोच इंग्लंडच्या राजांचा लाडका पूर्वज कसा झाला? या एका प्रश्नापायी माझे गेले तीन वीकांत गेले, आणि हाती लागली एक थडग्याची गोष्ट.

पण त्याआधी मूळचा वेल्श आर्थर कसा होता ते पाहू. 'कुलहूख आणि ओलवेन' या जुन्या वेल्श कथेत तो एका दांडग्या टोळीचा म्होरक्या आहे. रानडुकराच्या दोन कानांच्या मध्ये अडकलेला कंगवा आणि कात्री मिळवायला ही टोळी आयर्लंडपासून कॉर्नवॉलपर्यंत धावते. (हे रानडुक्कर पूर्वी राजा होता. विचारू नका.) आर्थरचा दरबार भरतो कॉर्नवॉलमधल्या केल्लिविगला. कॅमलॉट नाही, गोलमेज नाही, लान्सलॉट तर नाहीच नाही. मुख्य साथीदार दोन : काय आणि बेदविर. काय हा नऊ दिवस पाण्याखाली श्वास रोखणारा, वाटेल तेव्हा झाडाएवढा उंच होणारा गडी. पुढे फ्रेंच कवींच्या हातात पडल्यावर याच कायचा 'सर के' झाला, म्हणजे दरबारातला तोंडाळ कारभारी, जो दर वेळी फुशारकी मारून घोड्यावरून पडतो. वाईट वाटतं हो. प्रमोशन द्यायच्या वेळी जुन्या माणसाला बाजूला सारून बाहेरून कोणाला तरी आणायचं, ही पद्धत तेव्हाही होती!

तर या लोकांची एक श्रद्धा होती. आर्थर मेला नाही, तो परत येणार. वेल्श भाषेत वीरांच्या थडग्यांची पद्यमय यादी आहे, त्यात बाकी सगळे कुठे पुरलेत ते सांगितलंय, आर्थरच्या थडग्याचा मात्र पत्ता लागत नाही. ही श्रद्धा किती जिवंत होती त्याचा एक किस्सा आहे. १११३ साली फ्रान्समधल्या लाँ गावचे काही पाद्री, जळालेल्या चर्चसाठी पैसे गोळा करायला पवित्र अवशेष घेऊन कॉर्नवॉलमध्ये फिरत होते. बॉडमिनला एक लुळ्या हाताचा माणूस बरं व्हायला म्हणून आला. त्याची पाद्र्यांच्या एका नोकराशी जुंपली, कशावरून? तर आर्थर अजून जिवंत आहे यावरून! हत्यारं घेऊन माणसं धावून आली, रक्त सांडायचंच बाकी होतं. आणि हा वाद जेफ्रीच्या पुस्तकाआधीचा आहे, हे लक्षात घ्या.

जेफ्री ऑफ मनमथ. ११३६-३८च्या सुमारास याने ब्रिटनच्या राजांचा 'इतिहास' लॅटिनमध्ये लिहिला आणि आर्थर युरोपभर सुपरहिट झाला. या पुस्तकाच्या दोनशेहून जास्त हस्तलिखित प्रती आजही शिल्लक आहेत. मर्लिनच्या जादूने उथर राजा दुसऱ्याचं रूप घेऊन टिंटॅजेलच्या किल्ल्यात शिरतो आणि आर्थरचा जन्म होतो, ती गोष्ट यातलीच. आर्थरचा मोठा दरबार इथे वेल्समधल्या कार्लिअनला भरतो. न्यूबर्गचा विल्यम नावाचा एक इतिहासकार त्याच शतकाच्या अखेरीला वैतागून लिहून गेला की हा माणूस धडधडीत खोटं लिहितोय. ऐकतो कोण!

कारण राज्य होतं नॉर्मनांचं. १०६६ साली फ्रान्समधून येऊन त्यांनी सॅक्सनांना हरवलं होतं. आता विचार करा, सॅक्सनांना धूळ चारणारा, रोमपर्यंत धडक मारणारा एक भव्य राजा आधीच होऊन गेलेला आहे, ही गोष्ट त्यांना किती सोयीची! माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. आर्थरला आधी उचललं ते नॉर्मनांनी, कारण दोघांचा शत्रू एक होता.

फक्त एक गोची होती. जेफ्रीच्या पुस्तकात शेवटच्या लढाईत आर्थर प्राणांतिक जखमी होतो आणि त्याला जखमा बऱ्या करायला अ‍ॅव्हलॉन बेटावर नेतात. पुढे काय, ते नाही. दार उघडंच. आणि वेल्श लोक तर त्या दाराकडे डोळे लावून बसलेले. जिंकलेल्या मुलखात अशी आशा शिल्लक राहणं कुठल्याही राजाला परवडत नाही.

आता चला ग्लॅस्टनबरीला. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, दलदलीच्या सपाट प्रदेशात उठून दिसणारी टेकडी, आणि खाली एक श्रीमंत मठ. ११८४ साली हा मठ जळाला. दुसरा हेन्री राजा बांधकामाला पैसे देत होता, तो ११८९मध्ये वारला. नव्या राजाला, रिचर्डला, धर्मयुद्धाची घाई, पैसे आटले. आणि बरोब्बर ११९१च्या सुमारास मठाच्या आवारात खोल खणताना एक पोखरलेलं ओकचं खोड सापडलं, आत हाडं. जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने हे सगळं लिहून ठेवलंय. पुरुषाचं नडगीचं हाड भलतंच लांब. कवटीवर जखमा, एक सोडून सगळ्या भरलेल्या. शेजारी एका बाईची हाडं आणि सोनेरी केसांची वेणी. एका मठवाशाने ती घाईने उचलली आणि हातातच तिचं पीठ झालं. आणि सोबत शिशाचा क्रूस, त्यावर मजकूर : इथे राजा आर्थर पुरलेला आहे, अ‍ॅव्हलॉन बेटावर.

थडग्यातल्या वस्तूवर नावही आणि पत्ताही! कुरिअरच्या पाकिटावर असतो तसा.

बहुतेक इतिहासकार म्हणतात की ही मठाची पैशांसाठीची शक्कल. यात्रेकरू येतील, दान येईल. पटतं. पण जेराल्ड एक वेगळीच गोष्ट सांगतो : कुठे खणायचं ते मठाला दुसऱ्या हेन्रीनेच सांगितलं होतं, आणि त्याला ते कळलं एका म्हाताऱ्या ब्रिटन भाटाकडून. म्हणजे आर्थर मेल्याची खबर वेल्श लोकांच्याच माणसाने दिली, असा बंदोबस्त. जेराल्ड वर हेही ऐकवतो की आर्थर परत येणार असं मानणारे मूर्ख आहेत. माझं मत असं की खणण्यामागे पैसा असेल, पण त्या हाडांचा पुढे जो उपयोग झाला त्यामागे पैसा नव्हता.

कारण पुढे येतो पहिला एडवर्ड. १२७७ साली त्याने वेल्सचा राजपुत्र लिवेलिनला नमवलं आणि पुढच्याच वर्षी, १२७८च्या ईस्टरला, राणी एलिनॉरसह ग्लॅस्टनबरीला जाऊन थडगं उघडायला लावलं. राजाने आर्थरची हाडं रेशमी वस्त्रात गुंडाळली, राणीने ग्विनेव्हिअरची, आणि ती मुख्य वेदीसमोर ठेवायची व्यवस्था केली. कवट्या मात्र बाहेर ठेवल्या, लोकांना बघायला. बघा, हा तुमचा परत येणारा राजा! किती आदराने केलेलं काम, आणि किती निर्दय. १२८२मध्ये लिवेलिन मारला गेला, त्याचं मुंडकं लंडनच्या टॉवरवर लागलं. १२८३ साली वेल्श लोकांकडचा 'आर्थरचा मुकुट' एडवर्डकडे गेला. १२८४ला त्याने वेल्समध्येच, नेव्हिनला, गोलमेज नावाचा जंगी सोहळा केला. आणि १३०१ साली पोपला पत्र लिहून स्कॉटलंडवर हक्क सांगताना पुरावा काय दिला? आर्थरने स्कॉटलंड जिंकलं होतं! म्हणजे जेफ्रीची कादंबरी राजाच्या अधिकृत पत्रात जाऊन बसली.

गोलमेजाबद्दल दोन शब्द (आपल्याला गोलमेज म्हटलं की आधी परिषद आठवते, असो). ते प्रथम येतं ११५५मध्ये, वेस नावाच्या कवीच्या फ्रेंच काव्यात, मानपानावरून भांडणं नकोत म्हणून. लान्सलॉट आणि ग्विनेव्हिअरचं प्रेम, आणि कॅमलॉट हे नाव, क्रेत्यां द त्रॉय या फ्रेंच कवीने त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आणलं. कॅमलॉटचा उल्लेख तर त्याने जाता जाता केलाय, पुढे लोकांनी त्याची राजधानी बांधली. टिंटॅजेलला तर शब्दशः बांधलं : आज तिथे जे किल्ल्याचे अवशेष दिसतात तो किल्ला १२३०च्या दशकात रिचर्ड ऑफ कॉर्नवॉलने उभारला, जेफ्रीच्या पुस्तकानंतर जवळपास शंभर वर्षांनी. आधी गोष्ट, मग किल्ला. गंमत म्हणजे त्याच कड्यावर पाचव्या-सहाव्या शतकातली भूमध्य समुद्राकडून आलेली भांडी उत्खननात सापडली, म्हणजे त्या काळात तिथे कोणीतरी बडं राहत होतं हे खरं.

आणि विंचेस्टरच्या सभागृहात भिंतीवर टांगलेलं ते प्रत्यक्ष गोलमेज? ओकचं, साडेपाच मीटर व्यासाचं, बाराशे किलोच्या आसपास. १९७०च्या दशकातल्या तपासणीत ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं निघालं. त्या काळात आर्थरचं सर्वात जास्त वेड असलेला राजा म्हणजे आपला एडवर्डच.

वेल्श लोकांचा आर्थर असा गेला. परत आला का? एका अर्थी आला, तोही विचित्र वाटेने. मॅलरीचं 'ल मॉर्त दार्थर' हे मोठं इंग्रजी पुस्तक कॅक्स्टनने ३१ जुलै १४८५ रोजी छापून पुरं केलं, आणि तीनच आठवड्यांनी बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडर जिंकला. वेल्श घराण्यातला, लाल ड्रॅगनचं निशाण मिरवणारा. त्याने थोरल्या मुलाचं नाव आर्थर ठेवलं, जन्मही ठरवून विंचेस्टरला, कारण मॅलरीच्या मते तेच कॅमलॉट. हा राजपुत्र १५०२ साली पंधराव्या वर्षी गेला आणि गादी मिळाली धाकट्याला, आठव्या हेन्रीला. त्याने गोलमेज रंगवून घेतलं, मधोमध ट्यूडर गुलाब, वर आर्थर. १५२२ साली सम्राट पाचव्या चार्ल्सला ते कौतुकाने दाखवलं.

आणि याच हेन्रीने १५३९ साली ग्लॅस्टनबरीचा मठ मोडीत काढला. म्हाताऱ्या मठाधिपतीला, रिचर्ड व्हायटिंगला, त्या टेकडीवर नेऊन फाशी दिलं. सोनंनाणं सरकारजमा, दगड लोकांनी घरं बांधायला नेले. या गडबडीत एडवर्डने रेशमात गुंडाळून ठेवलेली हाडं कुठे गेली त्याचा पत्ता नाही. शिशाचा क्रूसही पुढे नाहीसा झाला, कॅमडेनच्या १६०७ सालच्या ग्रंथातलं चित्र तेवढं राहिलं.

रॅडफर्ड नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९६०च्या दशकात मठवाशांनी खणलेली जागा सापडल्याचं जाहीर केलं होतं. रीडिंग विद्यापीठाने त्याच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासून २०१५ साली अहवाल काढला, त्यात आर्थरशी जोडता येईल असं काहीच निघालं नाही. मठाच्या अवशेषांत, हिरवळीवर, आर्थरच्या थडग्याची जागा दाखवणारी पाटी मात्र आहे. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.